कापसासारखी कीड आणि कापसाचा बोळा

नवीन पनवेलमधल्या एखाद्या उंच इमारतीत सरकत्या काचेच्या खिडकीशी एक कुंडी ठेवलेली असते. कुंडीत माती नसते. कोळशाचे खडे, विटांचे तुकडे आणि नारळाची सोडणं असतात, आणि त्यांतून फॅलेनॉप्सिस ऑर्किडची जाड, तुकतुकीत पानं वर आलेली असतात. नर्सरीतून आणलं तेव्हा ते फुललेलं होतं. फुलं दोन महिने टिकली, मग दांडा वाळला. त्यानंतर एके दिवशी दोन पानांच्या बेचक्यात कापसाचा बारीक पुंजका दिसतो. उडून आला असेल म्हणून काढायला जावं, तर तो बोटाला चिकटतो आणि नीट पाहिलं की हळूच सरकतो. शेतकऱ्याला ही कीड चांगली ओळखीची आहे. तिचं नाव पिठ्या ढेकूण.

यावरचा सर्वांत भरवशाचा घरगुती उपाय अगदी साधा आहे. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवायचा आणि एकेक कीड टिपून काढायची. कापसासारख्या किडीवर कापसाचाच बोळा! पण या बोळ्यापर्यंत पोचायला माणसाला फार मोठा वळसा पडला आहे. धूर, तंबाखू, रॉकेल, विषारी वायू, डीडीटी असे सगळे मुक्काम त्या वाटेवर लागतात. त्यांतले काही मुक्काम पनवेलच्या पंचक्रोशीतलेच आहेत, कारण हे गाव औषधांचंही आहे, बंदराचंही आहे आणि कीटकनाशकांच्या कारखान्याचा शेजारीही आहे.

रानातली आमरी

ऑर्किड हा शब्द नवा असला तरी ही वनस्पती पनवेलला परकी नाही. मराठीत तिला आमरी म्हणतात. पनवेलच्या पूर्वेला प्रबळगड आणि त्यामागे माथेरान, दक्षिणेला कर्नाळा. सह्याद्रीच्या या बाजूला जुन्या झाडांच्या खोडांवर आमऱ्या वाढतात. हिवाळा सरताना डेंड्रोबियम बार्बाट्युलम पानं गाळून पांढऱ्या फुलांनी भरून जाते. पावसाच्या तोंडावर एरिडिस मॅक्युलोसाचे गुलाबी घोस लोंबू लागतात. गुंफलेल्या फुलांच्या लांब घोसांमुळे काही आमऱ्यांना लोकांनी ‘सीतेची वेणी’ असं देखणं नाव दिलं आहे. फादर सांतापाव आणि झेड. जे. कापडिया यांनी मुंबई इलाख्यातल्या आमऱ्यांवर १९६६ साली एक स्वतंत्र ग्रंथच सिद्ध केला. हा प्रदेश या बाबतीत किती श्रीमंत आहे, हे त्यातून कळतं.

गावाकडे मात्र आमरीला पुष्कळदा सरसकट बांडगूळ म्हटलं जातं, आणि हा तिच्यावर अन्याय आहे. बांडगूळ दुसऱ्या झाडाचा रस शोषतं. आमरी झाडाकडून फक्त बसायला जागा घेते. तिच्या मुळांवर पांढरट, स्पंजासारखं आवरण असतं आणि पावसाचं, धुक्याचं पाणी ती त्यातूनच टिपते. ही गल्लत फार जुनी आहे. संस्कृतातला ‘वंदा’ हा शब्द झाडावर वाढणाऱ्या अशा सगळ्याच वनस्पतींना लावत. कलकत्त्याचे न्यायाधीश आणि संस्कृतचे अभ्यासक सर विल्यम जोन्स यांनी वर्णिलेल्या एका आमरीचं हेच नाव १७९५ साली छापलं गेलं. पुढे १८२० मध्ये रॉबर्ट ब्राउन यांनी ‘व्हँडा’ ही प्रजाती पक्की केली. आज थायलंडपासून हॉलंडपर्यंत फुलबाजारात विकला जाणारा हा शब्द मुळात आपलाच.

रानातल्या आमरीवरही कीड पडते. पण ती माजत नाही आणि यामागचं कारण महत्त्वाचं आहे. इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. चार महिने पानं धुऊन निघतात. वारा खेळता असतो. ढालकिडे, कोळी आणि किडीच्या अंगात अंडी घालणाऱ्या इवल्या गांधीलमाश्या झाडावरच राहतात. पिठ्या ढेकणाची संख्या जरा वाढली की खाणारेही वाढतात. खिडकीतल्या कुंडीला यांतलं काहीच मिळत नाही. पाऊस काचेबाहेर राहतो, वारा अडतो, ढालकिडा दहाव्या मजल्यावर क्वचितच पोचतो. पिठ्या ढेकणाची पिल्लं मात्र कुंडीबरोबर, हाताबरोबर, कपड्याबरोबर सहज वर येतात. आमरीच्या किडीचा इतिहास हा बराचसा काचेचा इतिहास आहे.

काचघरातला धूर

आगगाडी येण्याआधी मुंबई आणि पुणे यांच्यामधलं मोठं ठाणं म्हणजे पनवेलचं बंदर. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली खुला झाल्यावर मुंबईचा प्रवासी खाडीतून पनवेलला उतरायचा आणि तिथून खोपोलीमार्गे घाट चढायचा. भात आणि मीठ याच बंदरातून बाहेर जायचं. या व्यापाराच्या बळावर १८५२ साली पनवेलला नगरपालिका आली. राज्यातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांमध्ये तिची गणना होते.

घाटापलीकडे पुण्याजवळ दापुरीला सरकारी वनस्पती उद्यान होतं. अलेक्झांडर गिब्सन हे डॉक्टर त्याचे अधीक्षक होते आणि १८४७ पासून मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षकही. दापुरीच्या बागेतल्या झाडांची जलरंगातली चित्रं एका भारतीय चित्रकाराने काढली. त्याचं नाव नोंदलं गेलं नाही, चित्रं मात्र एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. निकोल डाल्झेल यांच्यासोबत गिब्सन यांनी १८६१ मध्ये ‘बॉम्बे फ्लोरा’ प्रसिद्ध केला. इलाख्यातल्या वनस्पती अशा रीतीने कागदावर येत होत्या, त्याच काळात इंग्लंडमध्ये आमरीचं वेड शिगेला पोचत होतं.

या वेडाला दोन गोष्टींनी हात दिला. पहिली नॅथॅनियल वॉर्ड यांची काचेची बंद पेटी. तिच्यात रोपं महिनोन्‌महिने समुद्रप्रवास करूनही जिवंत राहत. दुसरी म्हणजे लोखंड आणि काच यांची उष्णगृहं. डेव्हनशायरचे ड्यूक १८३३ साली एका प्रदर्शनात आमरीच्या फुलावर लुब्ध झाले. दोनच वर्षांनी त्यांचे बागप्रमुख जोसेफ पॅक्स्टन यांनी जॉन गिब्सन नावाच्या तरुण माळ्याला भारतात धाडलं. दापुरीच्या गिब्सनशी याचं फक्त आडनाव जुळतं. हा तरुण खासी टेकड्यांतून आमऱ्यांच्या पेट्या भरभरून घेऊन परतला. रोपांबरोबर त्यांच्यावरची कीडही गेली, आणि तिला खाणारे शत्रू मागे रानात राहिले. वर्षभर उबदार, पाऊस नसलेलं काचघर म्हणजे किडीला आयतं माहेरच मिळालं.

माळ्यांनी पहिलं हत्यार उचललं ते तंबाखूचं. संध्याकाळी काचघराची दारं-खिडक्या लावायच्या, तंबाखूची पानं धुमसत ठेवायची आणि रात्रभर धूर कोंडायचा. तंबाखूतलं निकोटीन किड्यांच्या मज्जातंतूंवर आघात करतं. मावा आणि फुलकिडे पटापट गळून पडत. आपल्याकडेही तंबाखूचा काढा साबणाच्या पाण्यात मिसळून माव्यावर मारण्याची रीत शेतकऱ्यांत चांगली रुजली होती. पण निकोटीन माणसालाही तितकंच घातक. ते कातडीतूनही शरीरात शिरतं. निकोटीन सल्फेटच्या वापरावर भारतात १९९२ साली बंदी आली, तरी घरगुती सल्ल्यांमध्ये तंबाखूचं पाणी अजून डोकावतं. बंद घरात, लहान मुलांच्या जवळपास ते वापरू नये.

शिवाय एक कीड या धुराला मुळीच दाद देत नव्हती. ती म्हणजे खवले कीड. आमरीच्या पानाला चिकटलेले पिवळट-पांढरे, गोल, टिकलीएवढेही नसलेले ठिपके म्हणजे डायस्पिस बॉइसडुव्हाली ही खवले कीड. सिन्योरे या फ्रेंच कीटकतज्ज्ञाने १८६९ साली तिची नोंद केली. मेणचट ढालीखाली ती आयुष्यभर एकाच जागी सोंड खुपसून बसते. धूर ढालीवरून निघून जातो. म्हणून काचघरांत मऊ साबणाचं पाणी आणि स्पंज घेऊन एकेक पान पुसायला माणसं बसवलेली असत. पान न्‌ पान हाताने पुसणं हाच उपाय त्या थाटाच्या काचघरांतही शेवटी उरला.

वैद्यांच्या गावात

पनवेलचं औषधांशी नातं १८७२ पासूनचं. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी त्या वर्षी इथे श्री धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना काढला. पूर्वी वैद्य स्वतःच्या खलबत्त्यात जे औषध कुटायचा, ते कारखान्यात बनून बाटलीतून गावोगावी जाऊ लागलं. देशातल्या अशा आरंभीच्या कारखान्यांपैकी हा एक.

आयुर्वेदाची आमरीशी ओळख जुनी आहे. च्यवनप्राशात सांगितलेल्या अष्टवर्गातल्या ऋद्धी, वृद्धी, जीवक आणि ऋषभक या चार वनस्पती हिमालयातल्या आमऱ्या मानल्या जातात. त्या इतक्या दुर्मीळ झाल्या की त्यांच्याऐवजी विदारीकंद किंवा वाराहीकंद घ्यावा, असं सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशाने सांगून ठेवलं. बंगालमध्ये व्हँडा आमरीची मुळं रास्ना म्हणून वापरतात, तर महाराष्ट्रात रास्ना म्हणून वेगळीच वनस्पती चालते. आमरीने माणसाला बरं करावं अशी अपेक्षा आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे. आमरी आजारी पडली तर काय करावं, हा प्रश्न नंतरचा.

तोही अनुत्तरित नव्हता. झाडांचं वैद्यक म्हणजे वृक्षायुर्वेद. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत त्यावर स्वतंत्र अध्याय आहे आणि सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या सुरपालाने तर अख्खा ग्रंथच रचला. या ग्रंथाची पोथी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात पडून होती. ती उजेडात आणण्याचं श्रेय दोन मराठी माणसांचं आहे. वनस्पतिरोगतज्ज्ञ डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनी पोथीची प्रत मिळवली आणि संस्कृतच्या प्राध्यापिका नलिनी साधले यांनी तिचा अनुवाद केला. नेने यांनी स्थापन केलेल्या सिकंदराबादच्या एशियन ॲग्री-हिस्टरी फाउंडेशनने तो १९९६ साली छापला. भातावरचा खैरा रोग जस्ताच्या कमतरतेने होतो, हे पंतनगरला दाखवून देणारे शास्त्रज्ञ ते हेच नेने. शेतातला रोग ओळखणाऱ्या माणसाला पोथीतल्या उपायांची किंमत कळली, यात नवल नाही.

सुरपाल झाडालाही वात, पित्त, कफ आहेत असं मानतो आणि त्या हिशेबाने उपचार सांगतो. किडीसाठी तो वावडिंग, मोहरी, वेखंड यांचा धूर आणि लेप सांगतो, शेणाचा वापर सांगतो. ही यादी मराठी घराला अजिबात अनोळखी नाही. वावडिंग जंतांवर दिलं जातं आणि वेखंडाची पूड बाळाला लावतात. वेखंडाचे तुकडे पुस्तकांच्या आणि कपड्यांच्या कपाटातही ठेवतात, धान्याच्या कणगीत कडुलिंबाचा पाला घालतात. पोटातले कृमी, कपाटातली कसर, कणगीतले टोके आणि झाडावरची कीड यांच्यासाठी औषधाचा डबा एकच होता. सगळे उपाय सारखेच गुणकारी होते असं म्हणता येणार नाही. पण आजार ओळखून, मोजून-मापून, झाडाजवळ बसून उपचार करायचा ही शिस्त त्या डब्यामागे होती.

रॉकेल, वायू आणि कायदा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारला किडीची धास्ती वाटू लागली ती कापसामुळे. मेक्सिकोतला कापसाचा भुंगा आयात होणाऱ्या गाठींतून येईल या भीतीने १९०६ साली परदेशी कापसाच्या गाठींना विषारी धुरी देणं सक्तीचं झालं. १९१४ मध्ये घातक कीटक आणि रोग यांच्याविषयीचा कायदा आला. झाडांच्या आयातीवर आजही देखरेख होते ती या कायद्याच्या आधारानेच.

त्याच काळात बिहारमधल्या पुसा इथे हेरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय हे सरकारी कीटकतज्ज्ञ होते. १९०६ साली त्यांचं भारतातल्या किडींवरचं पुस्तक निघालं. खनिज तेल साबणात घुसळून केलेलं दुधासारखं मिश्रण फवारण्याचा त्यांनी प्रसार केला. रॉकेल-साबणाचं पाणी बागांमध्ये पोचलं ते या काळात. खवले किडीवर त्याचा गुण येण्यामागचं कारण साधं आहे. तेलाचा पातळ थर ढालीच्या कडेने आत शिरतो आणि किडीची श्वासछिद्रं बुजवतो. मात्र रॉकेल जरा जास्त झालं की आमरीचं पानही होरपळतं.

पुढे लेफ्रॉय लंडनला परतले. तिथल्या प्रयोगशाळेत कीटकांना मारणाऱ्या वायूवर काम करताना ते स्वतः बेशुद्ध पडले आणि ऑक्टोबर १९२५ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. किड्यांवरचं विष आणि माणसावरचं विष यांत फार अंतर नाही, हे त्या शास्त्राच्या सुरुवातीलाच दिसलं होतं.

पाताळगंगेच्या काठी

पनवेलहून पेणकडे निघालेली गाडी सोमाटणे सोडून पुढे जाते तेव्हा एक स्थानक लागतं. नाव रसायनी. एखाद्या गावाला रसायनांवरून नाव मिळावं, असा हा विरळा प्रकार. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा कारखाना पाताळगंगेच्या काठी उभा राहिला आणि त्याभोवती वसाहत वाढली. नायट्रोबेंझीन, ॲनिलीन, फॉर्मॅल्डिहाइड अशी मूळ रसायनं इथे बनत.

१९७७ च्या सुमारास त्याच्या शेजारी हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्सचा कारखाना आला. ही कंपनी मूळची १९५४ ची. मलेरियाविरुद्धच्या राष्ट्रीय मोहिमेला डीडीटी पुरवण्यासाठी ती निघाली होती. दिल्ली आणि केरळातलं उद्योगमंडल यांच्यानंतर रसायनीला मॅलॅथिऑन बनू लागलं, आणि पुढे डीडीटीही. ज्या तालुक्याच्या गावात शंभर वर्षांपूर्वी कृमिघ्न काढे बाटलीत भरले गेले, त्याच्या शेजारी आता पोत्यांतून कीटकनाशकं निघू लागली.

या पोत्यांकडे फक्त तिरस्काराने पाहणं बरोबर नाही. कोकणातल्या खाडीकाठच्या गावांना हिवताप म्हणजे काय हे सांगावं लागत नव्हतं. पॉल म्युलर यांना डीडीटीच्या कीटकनाशक गुणाबद्दल १९४८ चं नोबेल मिळालं, ते त्या पावडरीने लाखो जीव वाचवले म्हणून. मॅलॅथिऑनचीही एक खुबी आहे. माणसाच्या शरीरातली विकरं त्याचे तुकडे झपाट्याने करतात, तर किड्याच्या शरीरात त्याचं अधिक जहाल रूप तयार होतं. म्हणूनच बागांसाठी ते इतर विषांपेक्षा बरं मानलं गेलं.

चूक झाली ती हे विष सगळीकडे, सगळ्यांवर आणि वेळीअवेळी फवारलं गेल्याने. १९५८ साली मुंबईहून कोचीला निघालेल्या जहाजात पॅराथिऑन हे कीटकनाशक आणि गव्हाचं पीठ एकत्र भरलं गेलं. ते पीठ खाऊन केरळात शंभराहून अधिक माणसं दगावली. या दुर्घटनेनंतर चौकशी झाली आणि १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. शेतीसाठी डीडीटी वापरायला १९८९ मध्ये बंदी आली. डासांसाठी मात्र त्याचं उत्पादन चालू राहिलं. २०१७ साली यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. कायदा होऊन तेव्हा जवळजवळ पन्नास वर्षं झाली होती.

त्याच २०१७ मध्ये केंद्र सरकारने हिंदुस्तान ऑरगॅनिकचे रसायनीचे कारखाने बंद करायचा निर्णय घेतला. त्यांतला नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा एकच विभाग वाचला, कारण त्याचं उत्पादन इस्रोच्या अग्निबाणांना लागतं.

ढालीआडची कीड

खवले कीड आणि पिठ्या ढेकूण यांच्यावर विष हरतं कसं, हे त्यांचं आयुष्य पाहिलं की कळतं. पिठ्या ढेकणाची मादी कापसासारख्या पिशवीत कित्येकशे अंडी घालते. पिशवी मेणाची. फवाऱ्याचं पाणी त्यावरून ओघळून जातं. अंड्यांतून निघालेली पिवळसर पिल्लं काही दिवस रांगतात, आणि फवाऱ्याला बळी पडण्याजोगं त्यांचं वय हे एवढंच. एकदा रस शोषायला बसली की अंगावर मेण चढू लागतं. म्हणजे जहाल विष एकदाच मारून भागत नाही. साधा साबणाचा फवारा आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा मारला तर नव्याने निघालेली पिल्लं प्रत्येक वेळी सापडतात.

दुसरं कारण अधिक गंभीर आहे. विष किडीच्या शत्रूंनाही मारतं, आणि बहुतेकदा आधी त्यांनाच. कॅलिफोर्नियातल्या संत्र्यांच्या बागा १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेल्या एका ढालकिड्याने खवले किडीपासून वाचवल्या होत्या. १९४० च्या दशकाच्या अखेरीस तिथे डीडीटी फवारलं गेलं. ढालकिडे मेले आणि साठ वर्षं दबलेली कीड पुन्हा उसळली. लाल कोळी या रस शोषणाऱ्या किडीचंही तेच झालं. डीडीटीने त्याचे शत्रू संपले, तो मात्र टिकला.

भारतात याच्या उलट, चांगले दाखलेही आहेत. दक्षिणेतल्या कॉफीच्या मळ्यांसाठी १८९८ साली ऑस्ट्रेलियातून क्रिप्टोलिमस हा ढालकिडा आणला गेला. कॉफीवरच्या खवल्यांपेक्षा पिठ्या ढेकणावर त्याने अधिक ताव मारला आणि तो इथलाच होऊन गेला. महाराष्ट्रातले द्राक्षबागायतदार आज तो मुद्दाम बागेत सोडतात. त्याची अळी स्वतःच पांढऱ्या पिठात लोळल्यासारखी दिसते. नवखा माणूस तिलाच पिठ्या ढेकूण समजून मारतो आणि आपल्याच राखणदाराचा बळी घेतो. २००८ मध्ये कोईमतूरला पपईवर नवाच पिठ्या ढेकूण सापडला आणि दोनेक वर्षांत तो पुण्यापर्यंत पोचला. २०१० साली बंगळूरच्या एका कृषी संशोधन संस्थेने पोर्तो रिकोहून ॲसेरोफॅगस पपाई ही तिळाहून लहान गांधीलमाशी आणून सोडली. ती पिठ्या ढेकणाच्या अंगातच अंडी घालते. पपईच्या बागा सावरल्या त्या तिच्यामुळे.

कडुलिंबाचीही प्रतिष्ठा याच काळात परतली. १९६२ साली दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत कीटकतज्ज्ञ प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की लिंबोळीचं पाणी फवारलेल्या पिकाला टोळ तोंड लावत नाहीत. १९६८ मध्ये लिंबोळीतलं ॲझाडिरॅक्टिन वेगळं काढलं गेलं. लिंबोळीच्या तेलाने बुरशी रोखण्याचं पेटंट १९९४ साली युरोपात एका अमेरिकी कंपनीला आणि तिथल्या शेती खात्याला मिळालं, तेव्हा भारतातून आव्हान गेलं. पुण्याच्या एका उद्योजकाने म्युनिकला जाऊन साक्ष दिली, की पुणे आणि सांगली जिल्ह्यांत १९८५-८६ सालीच असे प्रयोग शेतावर झाले होते. २००० मध्ये पेटंट रद्द झालं आणि २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. कणगीतल्या पाल्याची बाजू अशी म्युनिकपर्यंत लढवली गेली.

पुन्हा खिडकीशी

१९८९ साली, शेतीतलं डीडीटी बंद झालं त्याच वर्षी, पनवेलजवळ न्हावा-शेवा इथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. जुन्या पनवेल बंदराची खाडी गाळाने केव्हाच भरली होती. सिडकोने भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या केल्या, २०१६ मध्ये पनवेलची महानगरपालिका झाली आणि महामार्गाच्या कडेला नर्सऱ्या वाढल्या. त्या नर्सऱ्यांत आता मोगऱ्याशेजारी डेंड्रोबियम आणि फॅलेनॉप्सिस मांडलेली असतात. परदेशातून रोप आणायचं तर आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो. १९१४ च्या कायद्याचा हा आजचा अवतार. घरातही हा कायदा पाळणं शहाणपणाचं आहे. नवी कुंडी दोन-तीन आठवडे इतर कुंड्यांपासून दूर ठेवली आणि पानांच्या बेचक्या, पानांच्या मागच्या बाजू, मुळांच्या कडा नीट पाहिल्या, तर निम्मं काम तिथेच होतं.

कीड दिसलीच तर सर्जिकल स्पिरिटचा बोळा उपयोगी पडतो, कारण स्पिरिटने मेण सुटतं आणि कीड उघडी पडते. आधी एका पानाच्या कोपऱ्यावर वापरून पाहावं, उन्हात वापरू नये. खवले कीड मऊ ब्रशने किंवा नखाने हळूच खरवडून काढावी लागते, कारण मेली तरी ढाल पानावर तशीच राहते आणि नवी कोणती, जुनी कोणती ते कळत नाही. उरलेल्या पिल्लांसाठी लिटरभर पाण्यात चमचाभर लिंबोळीचं तेल आणि थोडा सौम्य साबण घुसळून संध्याकाळी फवारावं. लाल कोळी कोरड्या हवेत माजतो, म्हणून उन्हाळ्यात पानांची मागची बाजू पाण्याने धुवावी. फॅलेनॉप्सिसच्या मधल्या कोंबात मात्र पाणी साचू देऊ नये, नाहीतर कीड वाचते आणि रोप कुजतं.

मुंग्यांकडेही लक्ष हवं. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड गोड चिकटा सोडतात. मुंग्या तो चाटतात आणि त्याबदल्यात किडीची राखण करतात. याच चिकट्यावर पुढे काळी बुरशी धरते. पूर्वी घराघरांत जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले असत, दूध-तुपाला मुंग्या लागू नयेत म्हणून. आता तीच वाटी कुंडीच्या स्टँडखाली ठेवतात.

जूनमध्ये पहिली मोठी सर येते तेव्हा पनवेलच्या अनेक बाल्कन्यांत डेंड्रोबियमच्या कुंड्या बाहेर टांगलेल्या दिसतात. पानांवरची वर्षभराची धूळ आणि चिकटा त्या पाण्याबरोबर निघून जातो. फॅलेनॉप्सिस आतच असतं, काचेच्या अलीकडे. त्याच्यासाठी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाशेजारी आठ-आठ दिवसांच्या अंतराने चार तारखांना बारीक खुणा केलेल्या असतात. खूण आली की स्पिरिटची बाटली खाली उतरते, कापसाचा बोळा भिजतो आणि खालच्या पानापासून एकेक पान उलटून पाहिलं जातं.